वेपची बंदी पोरांच्या दप्तराशी थांबवू नका

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, आणि सर्व सदस्य,
जिल्हास्तरीय तंबाखू नियंत्रण समन्वय समिती, कोल्हापूर

स. न. वि. वि.

राजारामपुरीत माझं मेडिकल आहे. वडिलांनी सुरू केलेलं दुकान फार्मसीची पदवी घेतल्यावर मी पुढं चालवते आहे. ई-सिगारेट, म्हणजे पोरं जिला वेप किंवा पॉड म्हणतात ती वस्तू, माझ्या दुकानात मिळत नाही. ती देशात कुठंच मिळायला नको, कारण २०१९ पासून तिच्यावर बंदी आहे. तरी या विषयावर तुम्हाला लिहायची पाळी माझ्यावर आली, कारण तिचं गिऱ्हाईक शेवटी माझ्याच काउंटरवर येऊन उभं राहतं. कधी पोरगा स्वतः येतो, बहुतेक वेळा त्याचे आईबाप येतात.

माझं म्हणणं आधीच सांगते. बंदी राहू द्या, ती उठवा असं मी म्हणत नाही. पण आपल्या जिल्ह्यात या बंदीचा सगळा भार आज पोरावर पडतो आहे. माल आणणारा, साठवणारा आणि घरपोच पोचवणारा यांच्यापर्यंत ती गेलेलीच नाही. ती तिथवर नेणं तुमच्या समितीच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला. आणि शहरानंही वाचावं म्हणून ते खुलं.

मागच्या पावसाळ्यात एक बाई पर्समधून एक डबी काढून म्हणाल्या, "पोरगं म्हणतंय सेंट हाय, बघा की जरा काय हाय ते." मुलगा बारावीला. डबी तळहातात मावेल एवढी, वर आंब्याचं चित्र, वास थेट आमरसाचा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात '१० मिली' आणि '५%' एवढंच मला वाचता आलं, बाकी सगळं चिनी. मी ते काय आहे ते सांगितलं. त्यावर बाई जरा सावरून म्हणाल्या, "पाचच टक्के हाय न्हवं, मग फार न्हाई की."

हे पाच टक्के काय असतात ते त्यांना जसं समजावलं तसंच इथं लिहिते. पाच टक्के म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटिन. डबीत दहा मिली द्रव असेल तर आत ५०० मिलिग्रॅम निकोटिन आहे. सिगारेट सोडू पाहणाऱ्याला मी जो निकोटिनचा च्युइंगम देते त्याच्या एका गोळीत २ मिलिग्रॅम असतं. एका सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या अंगात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम उतरतं. डबीतलं सगळंच्या सगळं रक्तात जात नाही हे मान्य, पण अडीचशे च्युइंगममध्ये असतं तेवढं निकोटिन सतरा वर्षांच्या पोराच्या खिशात होतं, आणि ते कधी, किती ओढायचं यावर कसलाच लगाम नव्हता. सिगारेट निदान विझते. ही डबी पोर अंथरुणात, संडासात, तासाला बसल्या बसल्याही ओढतं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी पालकांना कुणी सांगत नाही. साधं निकोटिन एवढ्या तीव्रतेनं ओढलं तर घसा जळतो आणि ठसका लागतो. पहिल्या सिगारेटला पोरगं खोकून खोकून बेजार होतं, ती शरीरानं घातलेली अडकाठीच असते. या डब्यांमध्ये निकोटिनला बेंझोइक आम्लासारख्या आम्लाची जोड देऊन त्याचा क्षार केलेला असतो. मग घसा जळत नाही आणि मोठा डोस बिनबोभाट आत जातो. खोकला नाही, धुराचा वास नाही. त्यामुळं घरच्यांना पत्ता लागेपर्यंत सवय पक्की झालेली असते.

त्या डबीवर आणखी काय नव्हतं तेही सांगते. बॅच नंबर नव्हता, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता, किंमत नव्हती, वयाची सूचनाही नव्हती. माझ्या दुकानात बॅच नंबर नसलेली पॅरासिटामॉलची एक स्ट्रिप सापडली तर औषध निरीक्षक मला जाब विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. या डबीबद्दल जाब विचारायला समोर माणूसच नाही.

तो का नाही, हे समजायला २०१९ मध्ये काय झालं ते बघावं लागतं. त्या वर्षी मे महिन्यात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, ई-सिगारेटवर संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबरला वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी. निकोटिन असो वा नसो, ई-हुक्का असो की तंबाखू न जाळता तापवणारं यंत्र असो, सगळं त्यात आलं. विक्री किंवा आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करू देणाऱ्याला सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. झडती आणि जप्तीचा अधिकार सब-इन्स्पेक्टर आणि त्यावरच्या पोलीस अधिकाऱ्याला आहे. कायदा कमजोर आहे असं कुणालाही म्हणता येणार नाही.

तेव्हा हा धंदा आपल्याकडं रांगतच होता. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात ई-सिगारेट वापरणारे प्रौढ ०.०२ टक्के सापडले होते. मोठ्या शहरांत काही आयातदार होते, काही दुकानं होती, काही संकेतस्थळं होती. ज्यूल ही अमेरिकी कंपनी भारतात यायची तयारी करत होती. वटहुकूम आला आणि ज्यांना जीएसटी क्रमांक होता, कार्यालय होतं, बिल होतं, ती सगळी माणसं धंद्यातून उठली. ज्यांचं यातलं काहीच नव्हतं ते राहिले. मे २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला पुन्हा जाहीर सूचना काढून बंदीची आठवण करून द्यावी लागली. त्याच वर्षी तक्रारींसाठी वेगळं संकेतस्थळही सुरू झालं. बंदीनंतर चौथ्या वर्षी हे करावं लागलं, यातच सगळं आलं.

यावर काही जण म्हणतात, मग बंदी उठवा आणि नियम घालून विका. मी यावर बराच विचार केला, कारण ज्या देशांनी हे केलं तिथं नियम घालायची वेळ आली की माझ्या पेशाचं नाव पुढं येतं. ब्रिटनमध्ये निकोटिनची मर्यादा मिलिलीटरला २० मिलिग्रॅम आहे आणि टाकी दोन मिलिलीटरपेक्षा मोठी चालत नाही. तरीही डब्या शाळकरी पोरांच्या हातात इतक्या गेल्या की जून २०२५ पासून त्यांना एकदाच वापरून फेकायच्या वेपवर बंदी घालावी लागली. ऑस्ट्रेलियानं जुलै २०२४ पासून वेपची विक्री औषध दुकानांपुरती ठेवली. उद्या आपल्याकडं तसं ठरलं तर कायद्यानं मी विक्रेती होईन आणि त्यात पैसाही असेल. पण मला तो नको. आपल्याकडं शेड्यूल एचमधलं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही हा नियम किती वर्षांचा जुना आहे, आणि आजही रोज संध्याकाळी काउंटरवर अँटिबायोटिक आणि झोपेच्या गोळ्या चिठ्ठीविना मागणाऱ्यांशी वाद घालावा लागतो. मी दिली नाही तर पुढच्या चौकात मिळते, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही. तो नियम आपल्याला अजून पाळता आलेला नसताना आंब्याच्या चवीचं निकोटिन 'फक्त प्रौढांना' विकण्याची जबाबदारी आपल्या दुकानांवर टाकणं मला धोक्याचं वाटतं.

बंदीच्या बाजूनं असूनही तिच्या आजच्या अवस्थेची मला काळजी वाटते, ती अमेरिकेतल्या एका अनुभवामुळं. २०१९ च्या उन्हाळ्यापासून तिथं वेप ओढणारी तरुण माणसं फुफ्फुसं निकामी होऊन रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जणांचा जीव गेला. तपासात मुख्य संशय आला तो व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर. गांजातला अर्क भरलेल्या कार्ट्रिजमध्ये माल घट्ट दिसावा म्हणून ते मिसळलेलं होतं, आणि ती कार्ट्रिज बहुतेक मित्राकडून, ओळखीच्या पुरवठादाराकडून, चोरट्या बाजारातून आलेली होती. आपल्याकडं या वस्तूचा सगळाच बाजार चोरटा आहे. डबीत काय भरलंय हे कोल्हापुरात कुणीही सांगू शकत नाही. विकणाराही नाही.

आणि चोरटा बाजार म्हणजे काय हे कोल्हापूरला नव्यानं सांगायला नको. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली जुलै २०१२ मध्ये, अन्न सुरक्षा कायद्याखाली. त्या कायद्यात अशी बंदी एका वेळी एका वर्षापुरतीच घालता येते, म्हणून आदेश दरवर्षी नव्यानं निघतो. २०१३ मध्ये कर्नाटकानंही बंदी घातली, म्हणजे कोगनोळी नाक्याच्या दोन्ही बाजूंना कागदावर गुटखा नाही. प्रत्यक्षात पुडी मिळते, फक्त महाग आणि काउंटरखालून. अधूनमधून कुठल्या तरी पानपट्टीतून चार माळा जप्त होतात, फोटो छापून येतो. त्या माळा कुठून आल्या, गोदाम कुणाचं, गाडी कुणाची, इथवर तपास गेल्याचं क्वचितच वाचायला मिळतं. दरम्यान मळलेला मावा कॉलेजच्या दारापासून शंभर यार्डांच्या आत सर्रास मिळतो, आणि त्या अंतरात तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं मनाई आहे.

गुटखा आणि वेप यांच्यात मात्र दोन फरक आहेत. दोन्ही तुमच्या बाजूचे आहेत.

पहिला फरक पोटापाण्याचा. आपल्या भागात तंबाखूला हात लावणं सोपं नाही हे मी जाणते. निपाणीच्या पट्ट्यात विडीची तंबाखू पिढ्यान्‌पिढ्या पिकते. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथल्या शेतकऱ्यांनी भावासाठी महामार्ग अडवला तेव्हा गोळीबारात माणसं मेली. वखारीत काम करणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायांची हजारो घरं त्यावर चालली. म्हणून तंबाखूबाबत सरकार दबकत पावलं टाकतं, ते पटलं नाही तरी समजतं. वेपचं तसं काही नाही. ही डबी चीनमध्ये, बहुतेक शेनझेनच्या कारखान्यांत तयार होते. कागल असो, शिरोळ असो की गडहिंग्लज, आपल्या जिल्ह्यातला एकही शेतकरी तिच्यावर जगत नाही, एकाही बाईची हजेरी तिच्यावर अवलंबून नाही. इथं कडक वागल्यानं कुणाची चूल विझणार नाही.

दुसरा फरक मालाच्या वाटेचा. गुटखा ट्रकनं येतो आणि रोखीत विकला जातो. वेप इन्स्टाग्रामवर किंवा टेलिग्रामच्या ग्रुपवर मागवला जातो, दीड-दोन हजार रुपये यूपीआयनं जातात आणि पार्सल कुरिअरनं येतं, नाहीतर गाडीवरून एखादा पोरगा रंकाळ्यावर आणून देतो. प्रत्येक पायरीवर नंबर उरतो. फोनचा, खात्याचा, पावतीचा. सायबर पोलिसांना यापेक्षा सोपा माग कुठल्या चोरट्या धंद्यात मिळणार? तो काढला जात नसेल तर कुणी त्यांना सांगितलेलं नाही एवढंच त्याचं कारण असू शकतं, आणि सांगायचं काम समितीचं आहे.

आज प्रत्यक्षात काय होतं ते मी आईबापांच्या तोंडून ऐकते. कॉलेजात दप्तरं तपासली जातात. डबी सापडली की मुलाला वर्गाबाहेर काढतात आणि "पोलिसांत देऊ" म्हणून पालकांना बोलावतात. शहरातल्या एका संस्थेनं एका मुलाला परीक्षेच्या तोंडावर घरी बसवलं. त्याचे वडील माझ्याकडं झोपेची गोळी मागायला आले होते, स्वतःसाठी. केस होईल या भीतीनं हे लोक कुणाकुणाच्या पाया पडतात. खरं तर कायद्यात ओढणाऱ्याला शिक्षा सांगणारं कलमच नाही. सगळी कलमं पुरवणाऱ्यावर आहेत. संसदेनं पोरांना जाणूनबुजून वगळलं आणि आपण नेमकं त्यांनाच धरतोय. पाटाचं दार उघडं ठेवून शेवटच्या सरीत पाणी का साचलं म्हणून तिथल्याच रोपाला उपटण्यासारखं हे आहे. आणि त्या मुलाला डबी कुणी दिली, हे त्याला कुणीही विचारलं नाही. माझ्या अंगाची लाही झाली ती ते ऐकून.

म्हणून माझी पहिली मागणी अशी, की शिक्षण विभागानं सगळ्या शाळा-कॉलेजांना लेखी कळवावं: वेप सापडलेल्या मुलाला काढून टाकायचं नाही, परीक्षेला बसू द्यायचं, पालकांना बोलवायचं ते समुपदेशनासाठी. जप्त केलेली डबी कचऱ्यात न टाकता, मुलाचं नाव न घालता, कुठून मागवली या माहितीसह पोलिसांकडं द्यायची. मुलांना शिक्षेची भीती नसेल तर ती बोलतात. काउंटरवर मला सांगतात, तर तुम्हालाही सांगतील. (त्या डबीत लिथियमची बॅटरी असते, घंटागाडीत जाऊन ती पेट घेऊ शकते. महापालिकेनं तिच्यासाठी वेगळी सोय केली तर तेही काम होईल.)

दुसरी मागणी अशी, की समितीनं कुरिअरवाल्यांची आणि गोदामवाल्यांची बैठक घ्यावी. जाणूनबुजून साठा करू देणं हाही गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, हे त्यांना समोर बसवून सांगितलं पाहिजे. पानपट्टीवाल्यांच्या संघटनेलाही बोलवा. या माणसांना मी शत्रू मानत नाही. सकाळी सहाला टपरी उघडणाऱ्या माणसाचं पोट पानावर आणि चहावर चालतं. त्याला कुणीतरी सांगावं लागेल की या एका डबीपायी तो तुरुंगाची जोखीम घेतो आहे आणि तिचा खरा नफा दुसराच कुणी खातो.

आणि दर तीन महिन्यांनी किती ठिकाणी तपासणी झाली, किती गुन्हे पुरवठादारांवर दाखल झाले, त्यांतले किती कोर्टात उभे राहिले, हे आकडे जाहीर करा. दोनशे रुपयांच्या दंडाच्या पावत्यांचे नव्हे. पुरवठादारांचे.

सुटका हवी असलेल्यांचं काय, हा प्रश्न राहतो. पोरगं आपणहून येऊन हळूच विचारतं, "काकी, ते सोडायचं च्युइंगम हाय काय?" दोन मिलिग्रॅमच्या गोळीला चिठ्ठी लागत नाही, पण अठराच्या आतल्या मुलाला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती देणं मला योग्य वाटत नाही. मिलीला ५० मिलिग्रॅमच्या सवयीला ती किती पुरेल हेही डॉक्टरांनीच ठरवायला हवं. मी त्याला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक लिहून देते. फोन मोफत आहे आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही तिचं केंद्र आहे. पण सोळा वर्षांच्या मुलाला गावात तोंड बघून बोलणारं माणूस लागतं. सीपीआरमध्ये, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात, आठवड्यातून एक संध्याकाळ, कॉलेज सुटल्यानंतरच्या वेळी, फक्त वीस वर्षांखालच्यांसाठी, नाव न नोंदवता बोलता येईल अशी ठेवता येणार नाही का? सकाळी केसपेपर काढून रांगेत उभं राहायला पोरं येणार नाहीत, हे मी खात्रीनं सांगते.

यात तालमींना धरा अशी माझी कळकळीची विनंती आहे. या शहरात पोरगं बापाचं ऐकणार नाही पण तालमीतल्या वस्तादाचं ऐकतं, फुटबॉल संघातल्या थोरल्या खेळाडूचं ऐकतं. वेपनं दम जात नाही, ती नुसती वाफ आहे, असा समज मैदानावरच्या पोरांत मी स्वतः ऐकला आहे. ती पाण्याची वाफ नसते. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, चवीची रसायनं आणि निकोटिन असतं. निकोटिननं हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. हे मी फळ्यावर लिहून सांगितलं तर पोरं जांभया देतील. शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या कुणी सांगितलं तर ऐकतील.

शेवटी एका तक्रारीला उत्तर द्यायला हवं, कारण ती मोठी माणसं करतात आणि ती खोटी नाही. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणारे काही जण वेपमुळं सिगारेटपासून सुटले, आणि बंदीनं त्यांची वाट बंद झाली. ते विचारतात, ज्या देशात सिगारेट उघड विकली जाते तिथं हीच का बंद? वटहुकूम निघाला त्या दिवशी सिगारेट कंपन्यांचे शेअर वधारले होते आणि आयटीसी या सिगारेट कंपनीत सरकारी एलआयसीची मोठी गुंतवणूक आहे, हेही ते दाखवून देतात. या प्रश्नाची मला चीड येत नाही. पण महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ २०१६-१७ च्या त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात ३.८ टक्के होते आणि तंबाखू चघळणारे २४.४ टक्के. आपला मोठा रोग मावा, गुटखा आणि मळलेली तंबाखू हा आहे, आणि त्यावर वेप हा उतारा नाही. सिगारेटवाल्यांसाठी च्युइंगम आहे, पॅच आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीनं मिळणाऱ्या गोळ्या आहेत. ते सरकारी दवाखान्यात नेहमी आणि फुकट मिळावं, ही मागणी त्यांच्या वतीनं मीही करते. शंभर यार्डांच्या आतल्या मावा-सिगारेटवर तुम्ही तितक्याच जोरानं हात घातला, तर बंदी कुणाच्या फायद्याची हा प्रश्नही आपोआप थंडावेल.

समितीच्या पुढच्या बैठकीत या विषयाला वेळ द्यावा आणि काय ठरलं ते जाहीर करावं. बोलावलंत तर मी दुकान बंद ठेवून येईन, आणि तयार असतील तर काही पालकांनाही सोबत आणीन. त्या मुलाची परीक्षा हुकली आहे. ऑक्टोबरच्या आत शिक्षण विभागाचं पत्र कॉलेजांना गेलं तर पुढच्या मुलाची हुकणार नाही.

आपली,
राजारामपुरीतील एक औषध विक्रेती